आईच्या रकान्यात सूर्यभान

"ये गं लांबकाने, ये... हुर्र, ये बाय, ये..."

सूर्यभान सहा वर्षांचा असताना ऐकलेला हा आवाज. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. अजिंठ्याच्या वरच्या अंगाला त्यांची धनगरवस्ती, तिथून मेंढरं घाट उतरून खानदेशात निघाली होती. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि सगळ्यांच्या पुढं आई. त्याला शाळेसाठी आत्याकडं ठेवलं होतं. आई वळणापर्यंत म्होरक्या मेंढीला हाका मारत गेली. त्याच्या नावानं तिनं एकही हाक मारली नाही. मारली असती तर तो धावत सुटला असता, हे तिला ठाऊक होतं. आत्याच्या ओट्यावर बसून तो ती हाक बारीक होत जाताना ऐकत राहिला. ऐकू येईनाशी झाली तरी बसूनच राहिला.

त्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. आई जाऊनही सहा झाली. सूर्यभान बारावीनंतर तीन वर्षं मेंढरांमागं हिंडला, मग त्याचं बानाबाईशी लग्न झालं, मुलगी झाली, आणि मग त्यानं औरंगाबादेत बी.एस्सी.ला नाव घातलं. औरंगपुऱ्यामागच्या एका बोळात, जिना चढून वर, त्याची खोली होती. बाना सासऱ्यांबरोबर, म्हणजे मुंजाबांबरोबर, आठ महिने रानात असायची. पहिली दोन वर्षं नवरा-बायकोची भेट पावसाळ्यापुरतीच झाली.

यंदा, शेवटच्या वर्षाला, दिवाळीनंतर घोडा भरला तेव्हा साडेतीन वर्षांची आवडा नेहमीसारखी बिऱ्हाडावर बसली होती, हातात एका कोकराचे कान धरून. सूर्यभाननं तिला खाली उतरवलं.

"हिला मी नेतो. शाळेत घालतो."

मुंजाबा तंबाखू मळत होते. "एवढ्याशा पोरीला कोण शाळंत घालतं रे?"

"शहरात घालत्यात."

"शहरात लई काय काय करत्यात," मुंजाबा म्हणाले, आणि बानाकडं बघितलं.

 बानानं बिऱ्हाडातून आवडाची लहान घोंगडी ओढून काढली, झटकली आणि सूर्यभानच्या खांद्यावर टाकली.

पहिला आठवडा सूर्यभान पोरीला घेऊन वर्गात शेवटच्या बाकावर बसला. आवडा शहाण्यासारखी बसायची. चौथ्या दिवशी मात्र तास रंगलेला असताना दोन मुलं मागच्या दारानं हळूच सटकू लागली, आणि आवडानं त्यांच्यावर अशी हाळी टाकली की दोघं जागीच थांबली. सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण तास झाल्यावर त्याला म्हणाले, "सूर्यभान, तौर मॅडमना भेट."

तौर मॅडम वनस्पतिशास्त्राच्या, आणि कॉलेजच्या बालकक्षाच्याही. हा बालकक्ष त्यांनीच भांडून उभा केलेला. कॉलेजात तेवीस मुली लेकुरवाळ्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या परीक्षेला बसतच नाहीत, हे त्यांनी एका वर्षी मोजून प्राचार्यांपुढं ठेवलं. मग जिमखान्यामागची खोली मिळाली. टेबल-टेनिसचं मोडकं टेबल भिंतीला लावलं, सतरंज्या घातल्या, दोन पाळणे टांगले, आणि करमाडच्या सुगंधाबाईंना मुलं सांभाळायला ठेवलं. दहा ते चार. मधल्या सुट्टीत आया येऊन अंगावर पाजून जायच्या.

तौर मॅडमनी सूर्यभानला नाव नोंदवायला कार्यालयात धाडलं. तिथं काकासाहेब कारकून होते.

"हे मुलींसाठी हाय," काकासाहेब म्हणाले. "हे बघ, फॉर्मवर छापलंय. इथं शिकत असलेल्या आईचं नाव."

"आई रानात हाय. इथं मी शिकतो."

"रकाना मोकळा ठेवता येत नाय. मोकळा ठेवला की वरून फॉर्म परत येतो."

"मंग काय करायचं?"

काकासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना काम मार्गी लावायचं होतं. त्यांनी आईच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, सूर्यभान मुंजाबा. शेजारी बापाचा रकाना होता. तिथंही लिहिलं, सूर्यभान मुंजाबा. "झालं," ते म्हणाले. "कर सही. दोन्हीकडं कर."

त्यानं दोन्हीकडं केली. तौर मॅडमनी ते वाचलं, हसल्या आणि वर्ग घ्यायला गेल्या. तोच मजकूर पुढं बालकक्षाच्या मोठ्या नोंदवहीत उतरला.

बालकक्षात आवडा दोन दिवस पाळण्याखाली बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सुगंधाबाईंना कळलं की या पोरीला खेळ कळत नाही, काम कळतं. त्यांनी तिला म्हटलं, "आवडाबाय, समद्यांना हात धुवायला काढ बरं." आवडा उठली. तोंडानं हुर्र केलं, हात आडवे पसरले, आणि अकरा मुलं नळापाशी नेऊन उभी केली. एक मागं राहिलं होतं, त्याला परत जाऊन घेऊन आली.

"माझा पगार हिला द्या आता," सुगंधाबाई मॅडमना म्हणाल्या.

सुगंधाबाईंना बसल्या बसल्या ओव्या जुळवायची सवय. परीक्षेच्या दिवसांत कुणाचं पोर दाराशी जाऊन भोकाड पसरायचं, तेव्हा त्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात धरून म्हणायच्या:

आई बसली पेपराला, लेक बसली उंबऱ्यात,
दोघींचीही एक घाई, कवा जाऊ गं घरात.

पोर थांबायचं असं नाही. पण बाहेर व्हरांड्यात उभी असलेली एखादी मुलगी डोळ्याला पदर लावून परत पेपराला जायची.

संध्याकाळी सूर्यभान एका पुस्तकाच्या दुकानात गठ्ठे बांधायचा, आवडा गल्ल्याखाली बसून सुतळीच्या गाठी मारायची. खोलीवर आल्यावर तो भाकरी थापायला बसला की ती जिन्याच्या तोंडाशी जायची. समोर घरं होती, घरांमागं घरं होती, आभाळाची एक पट्टी होती. त्या पट्टीकडं बघून ती विचारायची, "आता कोकरं सोडली आस्तील का, बा?"

"सोडली आस्तील."

"आय कोनाला हाक मारत आसंल?"

"कोकरांना."

"मला?"

"तुलाबी मारत आसंल. ये, जेव."

हे रोज. फोन यायचा तोही त्याच सुमाराला. मुंजाबांकडं एक बटणांचा फोन होता, ज्या शेतात मेंढरं बसत तिथल्या मालकाकडं तो चार्ज करून घेत. कोकरं पाजून झाली की बाना फोन करायची. फोन वाजला की सूर्यभान पोरीच्या हातात बिस्किट द्यायचा आणि जिना उतरून बोळात जायचा.

"आवडी काय करती?"

"जेवली. झोपायलीय."

"आठवण काढती का माझी?"

"नाय. रमली ती. लई रमली."

पलीकडं थोडा वेळ नुसता वारा ऐकू यायचा. मग बाना म्हणायची, "बरं झालं." आणि मेंढरांचं सांगायची. कुणाच्या शेतात बसलोय, कुठली व्याली, लंगड्या कोकरीचा पाय कसा आहे. पोरीला फोन दे असं ती एक-दोनदाच म्हणाली. "झोपली," असं तो म्हणाला. आवाज ऐकला तर रात्रभर रडेल, असं त्यानं स्वतःला सांगून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत तौर मॅडमनी बालकक्षाचा घरचा दिवस ठरवला. शनिवारी दुपारी सगळ्या मुलांची घरची माणसं बोलवायची. नवरे, सासवा, कुणी येईल ते. प्रत्येकानं आपल्या घरचा एक खेळ आणायचा. सूर्यभाननं हे बानाला सहज सांगितलं. मेंढरं तेव्हा घाटाखाली वाकोदच्या शिवारात होती. ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"येते," बाना म्हणाली.

शनिवारी ती बाराच्या जळगाव-औरंगाबाद गाडीनं उतरली आणि विचारत विचारत कॉलेजला आली. हिरवं नऊवारी, कानात बुगड्या, पायात जाड वहाणा, खांद्याला झोळी. फाटकातच आवडानं तिला पाहिलं. पोर धावली, मग दोन हातांवर थांबली, आईच्या तोंडाकडं बघत काहीतरी बोलली. सूर्यभान लांब होता, त्याला ऐकू आलं नाही. बानानं वाकून उत्तर दिलं, आणि मग पोर तिच्या गळ्यात पडली.

आत एका मुलीनं बानाला पाट सरकवला. बी.ए.ची होती, कडेवर तिचं पोर. "तुम्ही आवडाच्या आत्या का, ताई?"

"आय हाय मी तिची."

"हो का. आम्हाला वाटलं..."

खेळ सुरू झाले. कुणाच्या सासूनं चिंचोके आणले होते, कुणाच्या नवऱ्यानं पतंगाची शेपटी लावून दाखवली. एकीचा दीर कागदाची पिपाणी करून देत होता आणि ती प्रत्येकाला हवी होती. मग तौर मॅडम बानाला म्हणाल्या, "बानाबाई, तुमच्याकडचं काय?"

"आमच्यात खेळ नस्त्यात, मॅडम. कामच आस्तं."

"मग काम दाखवा."

बानानं झोळीतून सुताची जाळी काढली. रात्री मेंढरं कोंडायची ती वाघूर, तिचाच एक तुकडा तिनं डागडुजीसाठी बरोबर आणला होता. तिनं तो दोन खुर्च्यांना बांधला. "सांजंला आमी कोकरं सोडतो," ती म्हणाली. आवाज आधी लहान होता, मग नेहमीचा झाला. "दिवसभर कोकरं येगळी, मेंढ्या येगळ्या. सांजंला मेंढ्या आल्या का कोकरं सोडायची. शंभर आया अन् शंभर पोरं, पन चुकत नाय कोनी. पोरं हिकडं जाळीत घाला. आयांनो, तुमी तिकडं भिंतीला. अन् हाका मारा. नाव नाय घ्यायचं. घरी जशी मारता तशी."

मुली आधी लाजल्या. मग एकीनं जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, दुसरीनं "ओ ओ ओ" सुरू केलं, आणि बघता बघता त्या खोलीत असा कालवा झाला की काकासाहेब बघायला आले. सूर्यभान कुठं उभं राहावं या विचारात होता. सुगंधाबाईंनी त्याला ढकललं. "जा की आयांच्यात. वहीत तूच आय हाईस." सगळ्या हसल्या. तो भिंतीला जाऊन उभा राहिला. त्याच्याजवळ, दोन मुली सोडून, बाना.

बानानं पुढं होऊन जाळी वर उचलली.

मुलं सुटली. कुणी रडत, कुणी पळत, कुणी चुकीच्या आईपाशी जाऊन परत फिरत. आवडा मात्र भिंतीकडं आलीच नाही. ती जाळीच्या तोंडाशी उभी राहिली आणि मागं राहिलेल्यांना हाकलू लागली. एक रांगतं पोर मधेच बसलं होतं, त्याला काखेत धरून तिनं ओढत नेलं आणि टकटक करणाऱ्या मुलीच्या पायांशी सोडलं. सगळी मुलं पोचली. मग तिनं एकदा वळून जाळी रिकामी आहे ना हे बघितलं, आणि सुगंधाबाईंपाशी जाऊन म्हणाली, "पानी द्या."

बाना हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. सूर्यभाननंही तिच्याकडं बघितलं आणि दोघांना क्षणभर एकच वाटलं, पोर आपल्यावरच गेलीय.

चार वाजता मुलांना घेऊन जायची सही असते. बाना म्हणाली, "आज मी करते." सुगंधाबाईंनी वही पुढं ओढली. बाना वस्तीशाळेत चौथी शिकलेली. ती ओळीवर बोट ठेवून वाचायची, एकेक अक्षर ओठांनी चाचपत. बोट आवडाच्या नावावरून पुढं सरकलं. आईचं नाव. थांबलं. बापाचं नाव. थांबलं. पुन्हा मागं आलं.

सूर्यभान घाईनं म्हणाला, "ते नुसतं कागदापुरतं. रकाना मोकळा चालत नाय म्हणून काकासाहेबांनी..."

"वाचलं मी," बाना म्हणाली. तिनं सही केली, पेन वहीत ठेवून वही मिटली. "चला. साडेचारची गाडी हाय."

बसस्थानकापर्यंत रिक्षात ती झोळी मांडीवर धरून बाहेर बघत होती. आवडा दोघांच्या मधे बसून पिपाणी वाजवत होती. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं, "बाजा बंद करो, बेटा, सर दुखता है," असं म्हणाला आणि स्वतःच हसला. स्थानकात जळगाव गाडीच्या फलाटावर बाकड्याचा एक कोपरा मिळाला. बानानं आवडाला मांडीवर घेतलं.

"हिला नेते मी."

सूर्यभानला हे फाटकापासून माहीत होतं, तरी तो म्हणाला, "शाळा मधीच सोडवती?"

"पाळण्यायची शाळा ती. तिथं काय मधी अन् काय शेवट."

"अक्षरं शिकाय लागली ती. 'अ' काढती."

"'अ' मलाबी येतो. मी शिकविन."

"रानात ऊन हाय, पाऊस हाय. इचू-काटा."

"तुमी रानातच वाढले. मीबी. तुमच्या बोळात काय कमी हाय? दारातून रिक्षा जात्यात."

"वहीचं मनाला लावून घेतलं तू. सोमवारी बदलून घेतो. तुझं नाव घालतो."

"नाव घाला नायतर नका घालू," बाना म्हणाली. "लोकं आत्या म्हनले मला. म्हनू द्या. त्याचं काय नाय." ती पोरीच्या केसांतून बोटं फिरवत होती, गुंता सोडवत होती. "आय बी तुमी, बा बी तुमी. मंग मी तिकडं कोनासाठी जीव टांगून बसले, तेवढं सांगा."

फलाटावर एक माणूस पेरू विकत होता, त्यानं टोपली त्यांच्यासमोर धरली आणि दोघांची तोंडं बघून पुढं गेला.

"हिच्या भल्यासाठी ठेवली मी," सूर्यभान म्हणाला. हे वाक्य तो दिवाळीपासून म्हणत आला होता. मुंजाबांना, तौर मॅडमना, वर्गातल्या मुलांना. ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याला स्वतःलाही ते कुठं टोचत नव्हतं.

"आसंल," बाना म्हणाली. "एक इचारते. रोज फोनवर मी काय इचारायची?"

"आठवण काढती का म्हणून."

"अन् तुमी?"

"रमली म्हणायचो."

"आज फाटकात मला बघून ही पयलं काय बोलली, ठावं हाय? लंगडी कोकरी जित्ती हाय का, आसं इचारलं हिनं. तीन म्हैने झाले. लंगडी कोकरी हिच्या ध्यानात हाय." ती आता सरळ त्याच्याकडं बघत होती. "अन् आय नाय?"

जळगाव गाडी फलाटाला लागली. माणसं उठली, पिशव्या खिडक्यांतून आत गेल्या. बाना उठली, आवडाला कडेवर घेतलं, झोळी खांद्याला अडकवली आणि दाराच्या रांगेत उभी राहिली. सूर्यभान तिच्या मागं. पुढं पाच-सहा माणसं होती, मग तीन, मग एक म्हातारी, जिला पायरी चढायला वेळ लागत होता.

"बाना."

ती वळली नाही.

"रोज काढती," तो म्हणाला. "दिवस मावळला की जिन्यात जाऊन बसती. आय कोनाला हाक मारत आसंल, इचारती. एक दिवस चुकला नाय. मी तुला खोटं सांगत आलो."

म्हातारी चढली. बानानं एक पाय पायरीवर ठेवला होता, तो तसाच राहिला. मागचा माणूस म्हणाला, "चला बाई," आणि मग कोण जाणे काय बघून स्वतःच बाजूला झाला.

"शाळंचं काय नाय," सूर्यभान म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, घरातला. "शाळा दोन वर्सांनीबी झाली आस्ती. त्या खोलीत दोन वर्सं मी एकट्यानं भाकर खाल्ली. कुलूप उघडायचो तर आत कोनी नसायचं. मला करमत नाय, बाना. म्हणून ठेवली व्हती हिला. माझ्यासाठी ठेवली व्हती."